अक्षरं उमटतायत

"काहीच ऐकू येत नाहीये, सर," मी म्हटलं.

मागून कुणीतरी हेडफोनची पिन काढून पुन्हा बसवली. कानात थोडी खरखर झाली आणि परत सगळं गप्प झालं. मी एक बटण दाबलं, मग दुसरं. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये बटण दाबलं की त्या अक्षराचं नाव कानात यायचं, शब्द पुरा झाला की अख्खा शब्द यायचा. इथे, परीक्षेच्या केंद्रावर, बोटांखाली बटणं होती, पण कानात काहीच येत नव्हतं.

"आता?" केंद्रप्रमुख शिर्के सरांनी विचारलं.

"नाही. यातलं बोलणारं सॉफ्टवेअरच सुरू होत नाहीये. आमच्या कॉलेजचे मोमीन सर काल दुपारी येऊन घालून गेले होते."

"काल दुपारी?" शिर्के सर जरा थांबले. "मग ते गेलं असणार. काल संध्याकाळी मी हा कॉम्प्युटर पुसून कोरा करून घेतला. परीक्षेचं मशीन आहे, बाळ. आत कुणाचं काही राहिलं आणि उद्या कुणी म्हणालं की मुलीला उत्तरं भरून दिली होती, तर ते तुझ्यावरच येईल. मराठीचं मात्र मी आठवणीनं सांगितलं होतं. मराठी आहे त्यात."

ते माझ्या काळजीनंच बोलत होते, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

मी जन्मापासून पाहू शकत नाही. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा तो शेवटचा पेपर होता, राज्यशास्त्राचा. त्याआधीचे सगळे पेपर, अगदी शाळेपासूनचे, मी तोंडानं सांगितले होते आणि दुसऱ्या कुणीतरी हातानं लिहिले होते. लेखनिक म्हणून आपल्यापेक्षा खालच्या वर्गातली मुलगी घ्यावी लागते. तिला आपला विषय माहीत नसतो. 'सार्वभौमत्व' म्हटलं की ती थांबते, आपण अक्षर अक्षर सांगायचं, तोवर पुढचं वाक्य डोक्यातून निघून जातं. सगळ्या मुली भल्या होत्या, एकीचीही तक्रार नाही. पण निकाल लागला की मला कधी कळायचं नाही, यातलं माझं किती आणि तिचं किती.

कॉम्प्युटरकडे मी वळले ती एका भाषणामुळे. दुसऱ्या वर्षाला असताना माळशिंदीच्या आमच्या कॉलेजात एक पाहुणे आले होते. 'आजच्या विद्यार्थ्याला काय यायला हवं' असा विषय होता. त्यांनी बरंच सांगितलं. इंग्रजी यायला हवं, चारचौघांत बोलता यायला हवं, अडचण आली की रडत न बसता वाट काढता यायला हवी. आणि मग म्हणाले, ज्याला कॉम्प्युटर येत नाही तो उद्याच्या जगातला निरक्षर. टाळ्या पडल्या. मी मात्र सभागृह रिकामं होईपर्यंत बसून राहिले आणि मग मैत्रिणीचा हात धरून थेट लॅबमध्ये गेले.

लॅब मोमीन सरांची होती. नदीम मोमीन. तासांवर नेमलेले होते, वय माझ्या थोरल्या भावाएवढं.

"सर, मला कॉम्प्युटर शिकायचाय."

"स्क्रीन कशी बघणार तुम्ही?" त्यांनी विचारलं. चेष्टा नव्हती त्यात. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"मला नाही माहीत. म्हणून तुमच्याकडे आले."

आठवड्याभरात त्यांनी ते बोलणारं सॉफ्टवेअर शोधून काढलं. आधी स्वतः डोळे बांधून बसले आणि शिकले, मग मला शिकवलं. इंग्रजीच्या जोडीला मराठीचा कळफलकही शिकवला. जिथे इंग्रजीचा के, तिथेच मराठीचा क. जिथे इंग्रजीचा वाय, तिथे ब, आणि शिफ्ट धरून दाबलं की भ. डावीकडची दोन बटणं एकदम दाबली की इंग्रजीचं मराठी होतं, पुन्हा दाबली की मराठीचं इंग्रजी. आमच्या लॅबमधली मशीन सुरू झाली की नेहमी इंग्रजीत असायची. त्यामुळे खुर्चीत बसलं की पहिलं काम ती दोन बटणं दाबण्याचं. दारात शिरताना चप्पल काढावी तशी ती सवय हातांना लागली.

वर्षभरात मी बोलण्याच्या वेगानं लिहू लागले. माझं पहिलं पूर्ण पान छापून सरांनी माझ्या हातात दिलं तेव्हा मी ते घरी नेऊन आईला वाचायला लावलं. आईला शाळा सोडून बरीच वर्षं झालेली, तिनं अडखळत वाचलं. शेवटी म्हणाली, "हे समदं तू लिवलंस व्हय?" मग ते पान घडी करून तिनं कुठेतरी ठेवून दिलं. कुठे ते मला सांगितलं नाही.

परीक्षा कॉम्प्युटरवर देता यावी म्हणून सरांनी विद्यापीठाला अर्ज केला, मग आठवणीचे अर्ज केले, मग स्वतः जाऊन आले. आमच्या विद्यापीठात असं आधी कुणी मागितलं नव्हतं. परवानगी आली तेव्हा एकच पेपर उरला होता. एक तर एक, आम्ही म्हटलं. पुण्याच्या एका संस्थेनं मला जूनपासूनच्या कोर्ससाठी निवडलं होतं, अंध मुलामुलींना ऑफिसातल्या कामासाठी तयार करायचे ते. पदवी असायला हवी आणि स्वतःचं स्वतः लिहिता यायला हवं, एवढ्या दोनच अटी होत्या. या पेपरात दोन्ही एकदम होणार होतं.

आणि आता मशीन गप्प होतं.

"सर, मोमीन सर गेटबाहेरच थांबलेत," मी शिर्के सरांना म्हटलं. "त्यांच्याकडे सीडी असते. त्यांना आत घेतलं तर ते लगेच घालतील."

"पेपर सुरू झालाय, बाळ. आता बाहेरच्या कॉलेजच्या माणसाला आत घेता येत नाही."

"मग लेखनिक?"

"त्याची परवानगी वेगळी. तुझ्या पत्रावर संगणक लिहिलंय." ते वाकून बोलत होते, आवाज जवळ आला. "आज पेपर दिला नाहीस तर गैरहजर धरावं लागेल. मला ते करायचं नाहीये. तुला काय वाटतं?"

बाजूला पर्यवेक्षक म्हणून साबळे मॅडम होत्या. त्या दुसऱ्या विभागात शिकवायच्या. बोलणं अगदी हळू, बांगड्यांचा आवाज होऊ नये म्हणून हात धरून ठेवावेत तसं. त्या म्हणाल्या, "मी तुला प्रश्न वाचून दाखवीन. तेवढं मला चालतं."

मी हात कळफलकावर ठेवले. एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटे असतात, ते बोटांना सापडले. बटणं तीच होती, जागा त्याच होत्या. कानात आवाज नसला म्हणून काय झालं, बोटांना सगळं माहीत होतं. आणि ते पाहुणे म्हणालेच होते की, रडत न बसता वाट काढता यायला हवी.

"मी लिहिते," मी म्हटलं.

"शाबास," शिर्के सर म्हणाले आणि गेले.

साबळे मॅडमनी पहिला प्रश्न वाचला. भारतीय लोकशाहीपुढील आव्हाने. मी नेहमीप्रमाणे डावीकडची दोन बटणं एकदम दाबली आणि लिहायला लागले.

आवाजाशिवाय लिहिणं म्हणजे कसं, ते सांगता येत नाही. अंधाराची मला सवय आहे, अंधार म्हणजे काय हेही मला इतर लोक म्हणतात म्हणून ठाऊक. पण ही शांतता नवी होती. बटणं टकटक वाजत होती आणि त्या टकटकीपलीकडे काही होत होतं की नाही ते मला कळत नव्हतं. पहिला परिच्छेद झाल्यावर मी थांबले.

"मॅडम, अक्षरं उमटतायत का?"

"उमटतायत," त्या म्हणाल्या.

"ओळी नीट येतायत? एकावर एक नाही ना?"

"नाही गं, छान येतायत. किती भराभर लिहितेस."

त्यानंतर मी थांबले नाही. मला आठवतं, मध्ये एकदा तर मी ते मशीन गप्प आहे हेच विसरले. पक्षपद्धती, संघराज्य, निवडणूक आयोगाचे अधिकार, सगळं रांगेनं आठवत गेलं आणि बोटं त्याच्याबरोबर चालत राहिली. कुणी 'परत सांगा' म्हणत नव्हतं, कुणी 'हा शब्द कसा लिहायचा' विचारत नव्हतं. मला एखादं वाक्य लांब लिहावंसं वाटलं तर मी लांब लिहिलं. मागच्या कुठल्याच पेपरात मला ते करता आलं नव्हतं. एका उत्तराच्या शेवटी मी माझं स्वतःचं मतसुद्धा लिहिलं. लेखनिकाला आपलं मत सांगायला लाज वाटते.

मध्यावर मॅडमना पुन्हा विचारलं.

"दिसतंय ना सगळं?"

"दिसतंय. तू लिही. मला फार बोलता येत नाही तुझ्याशी."

घंटा झाली तेव्हा माझी मनगटं दुखत होती. मी हसत होते, हे मला नंतर मॅडमनी सांगितलं.

प्रिंटर शेजारच्या खोलीत होता. शिर्के सर स्वतः आले, मला हात धरून तिकडे घेऊन गेले. छापलेल्या पानांवर माझ्यासमोर मॅडमची सही घ्यायची होती, माझ्या अंगठ्याचा ठसाही. प्रिंटर कुरकुरत एकेक पान बाहेर टाकत होता. मी प्रत्येक पानाचा आवाज ऐकत होते. बरीच पानं झाली. इतकी पानं माझ्या नावावर कधीच झाली नव्हती.

मग कागद उचलल्याचा आवाज आला. नंतर काहीच नाही. नंतर दुसरा कागद उचलल्याचा आवाज.

"मॅडम," शिर्के सर म्हणाले, "हे काय आहे?"

"उत्तरं आहेत, सर."

"उत्तरं आहेत ते ठीक. पण हे कुठल्या भाषेत आहे?"

"ती त्यांची लिपी असेल ना," साबळे मॅडम म्हणाल्या. "अंधांची वेगळी लिपी असते. ठिपक्यांची असते ती, मग कॉम्प्युटरवर अशी उमटत असेल असं मला वाटलं."

मला आधी हसूच आलं. मी म्हटलं, "मॅडम, मी मराठीतच लिहिलंय."

शिर्के सर कागद चाळत राहिले.

"मॅडम, काय लिहिलंय ते वाचा ना. पहिला शब्द वाचा."

"शब्द नाहीये, बाळ. नुसती इंग्रजी अक्षरं आहेत. वाय आहे मोठा. मग ई. मग जे. मग एल."

माझ्या डाव्या-उजव्या हाताची बोटं आपोआप हलली. शिफ्ट धरून वाय म्हणजे भ. ई म्हणजे काना. जे म्हणजे र. एल म्हणजे त.

"भारत," मी म्हटलं.

"काय?"

"ते भारत आहे, मॅडम. पहिला शब्द भारतीय आहे. मशीन इंग्रजीत राहिलं. मी मराठीची बटणं दाबली होती. सुरुवातीलाच दाबली होती. ते इंग्रजीत कसं राहिलं?"

तेव्हा शिर्के सरांनी सांगितलं, आणि त्यांचा आवाज पार उतरला होता, की मला त्रास नको म्हणून त्यांनी मशीन सुरू होतानाच मराठीत यावं असं करून ठेवलं होतं. मी ती दोन बटणं दाबली आणि मराठीचं इंग्रजी झालं. बोलणारं सॉफ्टवेअर असतं तर पहिल्याच अक्षराला मला कळलं असतं. मॅडमनी 'मराठी उमटतंय का' या प्रश्नाला 'नाही' म्हटलं असतं. पण मी तसं विचारलं नव्हतं. अक्षरं उमटतायत का, असं विचारलं होतं.

गेटवर मोमीन सर आणि आई उभे होते. आईनं माझा हात धरला, म्हणाली, "लई वेळ लावलास. कसा गेला?" मी काही बोलायच्या आत शिर्के सरांनी मोमीन सरांना बाजूला घेतलं. परीक्षा संपली होती, त्यामुळे आता त्यांना आत यायला हरकत नव्हती.

प्रिंटरच्या खोलीत मोमीन सरांनी पान हातात घेतलं आणि वाचायला लागले. सरळ मराठीत वाचायला लागले, जरासं अडखळत. "भारतीय लोकशाहीपुढे आज जी आव्हाने उभी आहेत, त्यांतले पहिले..." एक परिच्छेद वाचला. मी लिहिलेलं जसंच्या तसं होतं. एक अक्षर हललं नव्हतं.

"सर, सगळं आहे यात," ते शिर्के सरांना म्हणाले. "एका इंग्रजी अक्षराला एकच मराठी अक्षर. मी इथे तुमच्यासमोर बसतो, दोन तासांत मराठीत करून देतो. तुम्ही एकेक ओळ ताडून बघा."

"मला करता येणार नाही ते."

"मग तुमचा माणूस करू दे. मी नुसता तक्ता लिहून देतो."

"मोमीन, ऐका." शिर्के सर खुर्चीत बसले, खुर्ची वाजली. "उत्तरपत्रिका विद्यार्थ्यानं केली तशीच मला बंद करून पाठवायचीय. त्यातलं एक अक्षर बदललं तर ते काय होतं तुम्हाला माहितीय. मी सोबत सगळं लिहून देतो. काय झालं, कशामुळे झालं, माझ्याकडून काय झालं. तेवढंच माझ्या हातात आहे."

त्यांनी खरोखर लिहून दिलं, स्वतःचा दोष न लपवता. साबळे मॅडमनीही लिहून दिलं. त्या लिहिताना नाक ओढत होत्या. मला म्हणाल्या, "मी विचारायला पाहिजे होतं. पण वाटलं, आपल्याला काय कळतंय त्यातलं. उगाच विचारून मुलीचा वेळ जायचा." मी त्यांना 'असू दे' म्हटलं. दुसरं काय म्हणणार. आईला अजून नीट समजलं नव्हतं. ती सारखी विचारत होती, "लिवलंय ना पण तू? लिवलंय तर मग झालं काय?"

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं विद्यापीठात गेलो. एसटीचा लांबचा प्रवास, मग लांबलचक व्हरांडा, मग बाक. परीक्षा विभागात रणवरे नावाचे अधिकारी होते. मला वाटलं होतं ते वसकन अंगावर येतील, तर तसं काही झालं नाही. त्यांनी आम्हाला आत बसवलं, चहा सांगितला आणि मोमीन सरांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मला म्हणाले,

"मी एक शब्द सांगतो. तू कुठली बटणं दाबशील ते सांग. संविधान."

"एम, एक्स, बी, एफ, शिफ्ट धरून ओ, ई, व्ही."

त्यांनी समोरच्या कळफलकावर मराठी करून तीच बटणं दाबली. सावकाश, एकेक.

"आलं," ते म्हणाले. मग आणखी दोन-तीन शब्द विचारले, अवघड. तेही आले. "पटलं मला. पूर्ण पटलं."

आईनं माझा गुडघा दाबला.

"मग साहेब?" मोमीन सरांनी विचारलं.

"मला पटून उपयोग नाही, हीच अडचण आहे. मी ही पत्रिका परीक्षकाला देणार. त्याला यातलं काही वाचता येणार नाही. तो शून्य देणार."

"तिच्यासोबत मराठीत उतरवलेली प्रत द्या."

"उतरवणार कोण? तुम्ही? मग ती दुसऱ्यानं लिहिलेली पत्रिका झाली."

"तुमच्या ऑफिसातला माणूस बसवा. तुम्ही समोर बसा."

"कुठल्या नियमाखाली बसवू?" त्यांनी हे खरंच विचारलं, उत्तर मिळालं तर बरं अशा आवाजात. "हस्ताक्षर लागत नाही म्हणून पत्रिका बाद होत नाही, परीक्षक लागतं तेवढं तपासतो. भाषा चुकीची असेल तर त्याला नियम आहे. पण लिहिलंय बरोबर, उमटलंय वेगळं, याला नियमच नाही. असं आधी कधी झालंच नाही ना."

"मग आता झालंय, तर आता करा नियम," सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

रणवरे साहेब रागावले नाहीत. त्यांनी आमच्यासमोर वरच्या साहेबांना फोन लावला. सगळं नीट सांगितलं, आमच्या बाजूनंच सांगितलं. मग बराच वेळ नुसतं 'हो सर, हो सर' चाललं होतं. फोन ठेवल्यावर म्हणाले, "ऑक्टोबरला पुन्हा बसू दे म्हणतात. फी माफ करतील."

मी विचारलं, "साहेब, ती पत्रिका मला मिळेल का? नुसती ठेवायला?"

"ती आता गोपनीय विभागात गेली, बाळ."

व्हरांड्यात आल्यावर आई म्हणाली, "साहेब चांगला वाटला की गं." मी म्हटलं, "चांगलाच आहे." आणि मग मला रडू आलं. त्यांनी हाकलून दिलं असतं तर मला कुणावर तरी चिडता आलं असतं. शिर्के सरांनी माझ्या भल्यासाठी मशीन पुसलं, माझ्या भल्यासाठी मराठी लावून ठेवलं. मॅडम माझ्या भल्यासाठी गप्प बसल्या. या माणसानं चहा पाजला. मी आईचा पदर धरून उभी होते आणि ओरडायला समोर कुणीच नव्हतं.

परतीच्या एसटीत मोमीन सर आमच्या मागच्या बाकावर होते. मग पुढे वाकून म्हणाले, "मी तुम्हाला सगळं शिकवलं. मशीन गप्प झालं तर थांबायचं, हे शिकवलं नाही."

"थांबून काय झालं असतं, सर?"

त्यांनी विचार केला. "गैरहजर," ते म्हणाले.



जूनमध्ये निकाल आला. बाकीच्या विषयांत पास, राज्यशास्त्रात शून्य. पुण्याच्या संस्थेला फोन केला तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, पुढच्या बॅचला बघू. ती पुढची बॅच निघालीच नाही, संस्थेला पैसे देणारे लोक बदलले. आता मी एका रुग्णालयात टेलिफोनवर काम करते. काम बरं आहे. खिशातला फोन मला सगळं वाचून दाखवतो, आणि कधी कधी मी तो बंद करून त्या पेपरात काय काय लिहिलं होतं ते आठवायचा प्रयत्न करते. त्या स्वतःच्या मताचं वाक्य मात्र मला आठवत नाही. कुठल्या प्रश्नाच्या शेवटी होतं तेही आठवत नाही.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी सरांनी पुन्हा कॉम्प्युटरचा अर्ज केला होता. उत्तर या वेळी लवकर आलं. मागील अनुभव लक्षात घेता विद्यार्थिनीच्या हितासाठी लेखनिकाची परवानगी देण्यात येत आहे, असं त्यात होतं. सरांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं. आमच्या मागून पहिल्या वर्षाला आलेला एक अंध मुलगा सरांकडे कॉम्प्युटर शिकत होता. ते वाचल्यानंतर तो हळूहळू यायचा बंद झाला, असं सर म्हणाले.

लेखनिक म्हणून अकरावीची एक मुलगी मिळाली, समिधा नावाची. चुणचुणीत होती. सुपारी चघळल्यासारखा तिच्या तोंडात गोळीचा आवाज यायचा. पेपर सुरू झाला, तिनं पहिला प्रश्न वाचला आणि पेन सरसावलं. मी सांगायला लागले. भारतीय संघराज्याचे स्वरूप. ती लिहीत होती, थांबत होती, मी पुन्हा सांगत होते. सगळं पूर्वीसारखंच चाललं होतं.

थोड्या वेळानं ती अवघडून म्हणाली, "ताई, रागवू नका. तुम्ही बाक वाजवू नका ना. मला लिहिता येत नाही."

मला कळेना ती काय म्हणतेय. मग कळलं. मी एकेक वाक्य तिला सांगत होते आणि माझी दहाही बोटं बाकावर ते वाक्य लिहीत होती. अक्षर अक्षर, काना-मात्रेसकट.

"चुकून झालं," मी म्हटलं.

दोन्ही हात मी मांड्यांखाली घेतले, त्यांवर नीट बसले, आणि तिला पुढचं वाक्य सांगितलं.